शेवटच्या ओळीखालची रेघ

मी शंकेखोर माणूस आहे. हे आज म्हातारपणी कबूल करतो. तरुणपणी याला मी सावधपणा म्हणत असे. दुकानदारानं तराजू उचलला की माझी नजर त्याच्या करंगळीवर. कुणी न मागता पाणी आणून दिलं तर मी पेला आधी उजेडाकडं धरून बघायचो. आमच्या वडिलांची शिकवणच तशी होती. कोऱ्या कागदावर सही करू नये, आणि लिहिलेल्या कागदावर वाचल्याशिवाय करू नये. ते स्वतः तर वाचूनही करत नसत.

अशा माणसाला हैद्राबाद संस्थानातल्या एका गावात मिडल शाळेवर मास्तर नेमलं. तीर्थपुरीहून पहाटे बैलगाडी जुंपली की उन्हं चढायच्या आत पोचता येई, एवढ्या अंतरावर ते गाव. माझी नेमणूक कच्ची होती. सरकारी भाषेत मी 'मुन्सरिम', म्हणजे तात्पुरता. पक्का होईल तो 'मुस्तकिल'. तीन वर्षं झाली तरी मुस्तकिलीचा हुकूम येत नव्हता, आणि माझे सासरे माझ्याहून सावध निघाले. "हुकूम दाखवा आणि मुलीला घेऊन जा," असं त्यांनी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी बजावलं होतं. त्यामुळं बायको माहेरी, मी भाड्याच्या खोलीत हातानं भाकरी थापतोय, आणि पोस्टमन दिसला की माझा जीव वरखाली होतोय, असा तो संसार होता.

त्या काळी वरच्या वर्गांत सगळं उर्दूतून चालायचं. मुलं घरी मराठी बोलायची, भांडायची मराठीत, आणि शाळेत येऊन उजवीकडून डावीकडं लिहायची. कचेरीची भाषाही तीच. गावात ती लिहिता येणारी माणसं बोटांवर मोजण्यासारखी, आणि त्यांत पहिले मुन्शीजी. चावडीच्या कडेला लिंबाखाली ते बसायचे. किरकोळ अंग, दोऱ्यानं कानाला बांधलेला चष्मा, मांडीवर एक गुळगुळीत फळी. बांधाचं भांडण असो नाहीतर हरवलेली म्हैस, माणूस समोर उकिडवा बसून तोंडानं सांगायचा आणि मुन्शीजी अर्ज लिहून द्यायचे. त्यासाठी कचेरीची सनद होती त्यांच्याकडं.

मला त्यांचा पहिल्यापासून संशय होता. सांगणारा पाच वाक्यं सांगायचा आणि कागदावर पंधरा ओळी उतरायच्या. मग वरच्या दहा ओळींत काय होतं? अंगठा देणाऱ्याला ते कसं कळणार? एकदा मी मागं उभा राहून वाचायला लागलो, तर त्यांनी तळहात पालथा करून कागदावर ठेवला. "मास्तरसाब, ज्याचा कागद त्याचा," एवढंच म्हणाले. झालं, माझ्या मनात पाल चुकचुकली. लपवण्यासारखं काही नसतं तर झाकलं कशाला असतं?

तेव्हाच मी ठरवलं, आपली मुलं आपला अर्ज आपण लिहितील. मिडलच्या शेवटच्या वर्गाला अर्जाचा धडा होता, पण पुस्तकातला अर्ज रजेचा. तो मी बाजूला ठेवला. मिडल पास झालेला मुलगा पुढं जाऊन नोकरीच मागणार, मग नोकरीचाच लिहायला शिकू दे. फळ्यावर नमुना काढून दिला. वर तहसीलदार साहेबांच्या नावानं अदबीचा मायना. मग, मालूम झालं आहे की आपल्या कचेरीत अहलकाराची, म्हणजे कारकुनाची, एक जागा खाली आहे. मग, फिदवी मिडल पास आहे. फिदवी म्हणजे आपला ताबेदार; तेव्हा अर्ज करणाऱ्यानं स्वतःला तसंच म्हणवून घ्यायचं असे.

एका मुलानं हात वर केला. "मास्तर, आमी अजून पास कुठं झालो?"

"झालो असं समजून लिही."

"आन् जागा खाली हाय का?"

"तीही आहे असं समज. लिही मुकाट्यानं."

मला शिकवायचं होतं ते निराळंच. शेवटची ओळ आणि सही यांच्यात कोरी जागा राहिली तर तिथं तिरपी रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही टोकांना गाठ मारल्यासारखे दोन ठिपके द्यायचे. "नाहीतर कुणीतरी तिथं एक ओळ घुसडील," मी सांगितलं, "आणि तुमच्या बापाचं वावर तुमच्याच सहीनं जाईल." मुलं घाबरून रेघा मारायला लागली. मी वर्गात फिरून एकेक रेघ तपासली. मला त्या दिवशी फार समाधान वाटलं.

मग सुटे कागद वाटले आणि नोकरीचा अर्ज घरून लिहून आणायला सांगितला. तेवढ्यात शंका आली, एकजण लिहील आणि बाकीचे उतरवतील. म्हणून वर्ग सुटता सुटता आणखी एक फर्मान काढलं. अर्ज बापासमोर बसून लिहायचा आणि खाली बापाचा अंगठा आणायचा, की हे माझ्या पोरानं माझ्या डोळ्यांदेखत लिहिलं. असा अंगठा दुसऱ्या कुठल्या मास्तरानं मागितल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी एकवीस मुलांचे सात कागद आले. बाकीच्या चौदा जणांपैकी कुणाचा शेळीनं खाल्ला होता, कुणाचा आईनं चुलीत घातला होता, एकाचा विहिरीत पडला होता. एकजण काहीच न सांगता नुसता रडला. सगळ्यांना ओणवं केलं. एका दिवसात गावातल्या शेळ्यांना कागदाची एवढी चटक कशी लागली, याचा संशय यायला हवा होता. जन्मभर नको तिथं आलेला संशय नेमका त्या दिवशी आला नाही. मला वाटलं, कामचुकार पोरं.

पंधरा-वीस दिवसांनी हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावून दार लोटून घेतलं. टेबलावर कचेरीचा कागद होता, आणि त्याच्याखाली पुरावा म्हणून आलेली दोन पाकिटं. आमच्या गावातून तहसीलदार साहेबांच्या नावानं एकाच नमुन्याचे चौदा अर्ज गेले होते. सगळ्यांवर अंगठे. सगळ्यांवर तिरपी रेघ आणि दोन ठिपके. परीक्षेला न बसलेली पोरं स्वतःला पास म्हणवत होती. आणि ज्या जागेवर ती हक्क सांगत होती ती जागा खाली नव्हतीच. एक म्हातारा अहलकार तिच्यावर वर्षानुवर्षं बसलेला होता, आणि आपल्याला काढणार आहेत असं समजून त्यानं अंथरूण धरलं होतं.

आज हसू येतं, पण ते दिवस हसण्याचे नव्हते. संस्थानचं पुढं काय होणार हे कुणालाच माहीत नव्हतं. इथं कुणी सरकारी नोकरी सोडली, तिथं कुणाला उचलून नेलं, अशा बातम्या कुजबुजत यायच्या. कुणी दोघं पारावर बोलत बसले तर तिसरा आला की पावसापाण्याचं बोलायचे. अशा दिवसांत कचेरीनं सवाल केला होता, की जागा खाली होणार हे या गावाला आधीच कसं कळलं? कोण कुणाला फितवतंय? शिकवणाऱ्या मुदर्रिसानं, म्हणजे मास्तरानं, आठ दिवसांत लेखी कैफियत द्यावी. खाली एक ओळ होती, की तोवर त्याच्या मुस्तकिलीचा कागद थांबवण्यात येत आहे.

म्हणजे कागद निघाला होता! तीन वर्षं ज्याची वाट बघितली तो हुकूम वाटेत होता आणि तो आता माझ्याच धड्यानं अडवला होता.

"पोरांनी कागद टाकले असतील का?" हेडमास्तर म्हणाले.

"पोरांना पोस्टाची पेटी कुठं आहे हे तरी माहीत आहे का?" मी म्हणालो, आणि माझी नजर पाकिटांवर गेली. पत्ता घोटीव उर्दूत होता. अक्षरांचे ठिपके कलम टेकवून चौकोनी काढलेले. असे ठिपके काढणारा माणूस गावात एकच होता.

मग मला सगळं उलगडलं, म्हणजे तसं वाटलं. गावातली पोरं अर्ज लिहायला शिकली तर लिंबाखाली कोण बसणार? मुन्शीजींचा धंदा बसणार. म्हणून त्यांनी पोरांना खाऊची लालूच दाखवून माझे कागद मिळवले आणि कचेरीत धाडले, की मास्तर जावा आणि धडाही जावा. त्यांनी कागदावर पालथा ठेवलेला तो हात मला आठवला. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात, पण त्याला ते खरोखरच पिवळं दिसतं. मुन्शीजींना जाऊन विचारावं असं एकदाही मनात आलं नाही. चोराला विचारून कुणी चोरी शोधतं का?

ती कैफियत मी तीन वेळा लिहून काढली. आधी अदब, मग हकीकत, मग पाकिटावरच्या ठिपक्यांची बारीक तुलना, मग मुन्शीजींचा स्वार्थ, शेवटी न्यायाची मागणी. एक अक्षर खोडलं नाही. खाली तिरपी रेघ मारली. आयुष्यात मी लिहिलेला तो सर्वांत चांगला अर्ज होता, हे लाज वाटली तरी सांगितलं पाहिजे.

चौकशीला नायब साहेब स्वतः चावडीवर आले. चौदा बाप एका ओळीत मुंडासी सावरत उभे. एकेकाला विचारलं. प्रत्येकानं मान खाली घालून तेच सांगितलं, "साळंसाठी अंगठा दिल्ता सरकार, पुढचं ठावं न्हाई." मग साहेबांनी माझी कैफियत उचलली आणि इकडंतिकडं पाहिलं. त्यांचा पेशकार, म्हणजे कागद वाचून दाखवणारा कारकून, तापानं मागं राहिला होता. गावात कागद वाचायचा असला की तो मुन्शीजींनी वाचायचा, हा चावडीचा रिवाज. साहेबांनी कागद त्यांच्याच पुढं केला. "वाच. तुझ्याबद्दलच आहे."

मुन्शीजींनी चष्म्याचा दोरा कानामागं नीट केला आणि वाचायला सुरुवात केली. स्पष्ट, सावकाश, जिथं थांबायचं तिथं थांबून. 'हा लबाड इसम' असं मी लिहिलं होतं. तेही त्यांनी वाचलं, बाकीचं वाचलं त्याच आवाजात. म्हशीचा अर्ज वाचावा तसा. शेवटी माझी सही वाचली, कागदाची घडी घातली आणि दोन्ही हातांनी साहेबांना परत दिला.

"पत्ते तुझ्या हातचे?"

"जी."

"कागद तुझ्याकडं कुणी आणले?"

मुन्शीजींनी ओळीतल्या कुणाकडंही पाहिलं नाही. "हुजूर, ज्याचा कागद त्याचा. मी सांगू शकत न्हाई."

"सनद जाईल."

"जी."

सनद तिथंच जमा झाली. मी शेजारी उभ्या असलेल्या हेडमास्तरांच्या कानाला लागून म्हणालो, "बघा, चोराच्या मनात चांदणं."

महिन्याभरात माझा हुकूम आला. कैफियतीची भाषा पाहून साहेब खूश झाले, असंही कानावर आलं. मी हुकूम घेऊन सासऱ्यांकडं गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला, मोहोर नखानं खरवडून पाहिली, आणि मुलीची पेटी बाहेर काढली. माझी खोली घर झाली. भाकरी गोल व्हायला लागल्या. लिंबाखालची जागा रिकामी दिसायची, पण मी त्या बाजूनं जाणंच सोडलं होतं.

शिमग्याच्या सुमाराला एक बाप शाळा सुटल्यावर दाराशी आला. शाळेला लागून त्याचं वावर होतं. दोन्ही बाजूंना पाहून आवाज बारीक करून म्हणाला, "मास्तर, रागावू नका. त्या जागेचं काय झालं?"

"कुठल्या जागेचं?"

"कचेरीतल्या. आता समदं निवलं, म्हून इचारून राह्यलो."

मी त्याला आत घेतलं, बसवलं, आणि मग त्याच्या तोंडून एकेक बाहेर आलं. "पोरगं म्हन्लं, अंगठा द्या. म्या म्हन्लं, वाचल्याबिगर अंगठा कसा दिऊ? मंग त्यानं वाचून दावलं. जागा खाली हाय म्हून त्यात लिवल्यालं. आता मास्तर काय खोटं लिवायला लावंल का? आन् अंगठा मागितला म्हंजी कागद पक्काच. म्या गुपचूप मुन्शीजीकडं गेल्तो, वर पत्ता घालून द्या म्हन्लं. कुनाला सांगू नका, न्हाईतर समदं गाव धावंल."

"आणि मुन्शीजी काय म्हणाले?"

"त्यांनी बी इचारलं, जागा खाली हाय हे कुनी सांगितलं? म्या म्हन्लं, मास्तरनं. मंग त्यांनी खालची ती रेघ पाह्यली अन् हासले. म्हन्ले, मास्तरचा कागद आहे, बराबर असंल."

"बाकीचे तेराही असेच गेले?"

"ते मला चावडीत कळलं. तवर मला वाटं, म्या एकलाच हुशार."

"मग चौकशीत का बोलला नाहीत?"

त्यानं जमिनीवर बोटानं रेघा ओढल्या. "मला वाटलं, मुन्शीजी सांगत्याल. ते गप राह्यले, मंग आमी बी गप राह्यलो. खोट्या कागदावर अंगठा हाय म्हून धरलं असतं की मास्तर."

तो गेला तरी मी तसाच बसून राहिलो. गावातल्या चौदा बापांनी एकमेकांचा संशय घेतला, कचेरीनं गावाचा घेतला, मी मुन्शीजींचा घेतला. संशय न घेणारा माणूस त्या सगळ्या प्रकरणात एकच होता, आणि त्यानं भरवसा ठेवला तो माझ्यावर. चोर सोडून संन्याशाला सुळी ही म्हण मी मुलांना दरवर्षी शिकवत होतो. सुळी देणाऱ्याचं काय करायचं, ते त्या म्हणीत नाही.

मुन्शीजी कुंभार पिंपळगावला लेकीकडं गेले होते. जावयाचं बांगड्यांचं दुकान होतं. मी पोचलो तेव्हा ते मागच्या ओसरीत बसून बांगड्या गवतात गुंडाळत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. माझी चूक झाली असं मी उभ्या जन्मात तोवर कुणाला म्हटलं नव्हतं. शब्द कसे जुळवायचे तेही सुचेना. त्यांनी ऐकून घेतलं.

"मास्तरसाब, तुमचा कागद मीच तर वाचला," ते म्हणाले. "बिलकुल साफ लिहिला होता. कुठं अडखळलो न्हाई."

हा टोमणा होता की तारीफ, मला आजही ठरवता येत नाही.

"तुमची सनद परत मिळावी म्हणून मी अर्ज लिहितो," मी म्हणालो. "माझा आरोप खोटा होता असं स्वतःच्या सहीनं लिहितो. आत्ता, इथंच."

त्यांनी आतून ती फळी आणली, दौत आणली. मी लिहिलं. त्यांनी वाचलं. "हे कचेरीत गेलं तर तुमची जागा?"

"जाऊ दे गेली तर!" मी म्हणालो, आणि त्या क्षणी मला ते खरंच वाटत होतं. छाती भरून आली होती.

त्यांनी सहीच्या वरच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "रेघ राह्यली."

मी रेघ मारली, दोन ठिपके दिले. मग पाकीट मागून घेऊन त्यांनी त्यावर स्वतः पत्ता घातला, सावकाश, चौकोनी ठिपक्यांचा.

घरी आलो तर बायको ओकाऱ्यांनी बेजार होऊन पडली होती. सुईणीनं बातमी सांगितली. पाकीट मी पेटीत ठेवलं, सोमवारी टाकू म्हणून. सोमवारी वाटलं, पुढच्या सोमवारी. आणि मग माझी जुनी शंका माझ्या मदतीला धावून आली. त्यांनी फळी एवढ्या जल्दीनं का आणली? रेघेची आठवण का केली? माझ्याच हातानं माझी जागा घालवायचा हा डाव तर नसेल? असं काही नाही हे मला आतून पक्कं माहीत होतं. तरी मी ती शंका जपली, कारण तिच्यामुळं मला निवांत झोप लागत होती.

बाजाराच्या निमित्तानं कुंभार पिंपळगावला जाणं व्हायचं. मुन्शीजी दुकानातून हाक मारायचे. "मास्तरसाब, जवाब आला?"

"अजून नाही."

"येईल. कचेरीचं काम, वक्त लागतो. एक याद द्या लिहून."

"देतो," मी म्हणायचो. जन्मभर ते लोकांना असाच धीर देत आले होते. आता ते मला देत होते.

पावसाळा सरता सरता ते राज्यच गेलं. कचेरीवरचे बोर्ड बदलले, साहेब बदलले, पुढं अर्जांची भाषाही बदलली. मुस्तकिल होतो म्हणून माझी जागा राहिली. मी तोच धडा मराठीतून शिकवायला लागलो.

त्यानंतर एकदाच भेट झाली. ते खाटेवर होते, चष्मा उशाशी. मला पाहून उठायला लागले, मी बसवलं. मग तेच म्हणाले, "आता ती कचेरीच न्हाई राह्यली. जवाब येणार न्हाई. तुम्ही वाट पाहू नका मास्तरसाब. तुम्ही लिहिलं, तेवढं बस झालं."

त्यांना माहीत होतं का? ज्या माणसानं हजारो अर्जांच्या जवाबांची वाट पाहिली, त्याला कुठला कागद निघाला आणि कुठला निघालाच नाही, हे माझ्या तोंडावरून कळलं नसेल? मी त्यांच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि पालथा करून आपल्या छातीवर ठेवला. मी "हो" म्हणालो आणि उठलो.

पाकीट अजून माझ्याकडं आहे. कागद पिवळा पडला आहे, शाई पक्की आहे. शेवटच्या ओळीखाली रेघ आहे, तिथं कुणालाही काही घुसडता यायचं नाही. वर मुन्शीजींच्या अक्षरात पत्ता आहे. तिकीट लावायचं तेवढं राहून गेलं.